पाणधोंड्याला शेंदूर

सोसायटीत मला खडूस म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबतं, त्यावरून कळतं. कारण एवढंच, की मी कुठल्याही कागदावर सही करत नाही. पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो त्यावर तेवढी करते, कारण ती केली नाही तर सरकार मला मेली असं धरून चालतं. बाकी कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. परवा उन्हाळ्यात, अंबरनाथ पूर्वेला रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं अशा दिवशी, आमच्या हॉलमध्ये पर्यावरणाचा कार्यक्रम झाला. दोन्ही एसी चालू, टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग, मागे बॅनर, बॅनरवर एक हिरवी पृथ्वी आणि तिच्या चौपट मोठा युवानेत्याचा चेहरा. पृथ्वी तापत चालली आहे हे तो आम्हाला सांगायला आला होता, जणू आम्ही इतके दिवस काश्मिरात राहत होतो. दिल्लीने काय काय संकल्प केलेत, जगात आपला देश कसा पुढे आहे, आणि तरी काही देशद्रोही लोक विकासाच्या आड कसे येतात, हे त्याने अर्धा तास सांगितलं. मग प्रत्येकाला एकेक रोप दिलं, प्लास्टिकच्या पिशवीतलं, ज्यावर चिमणीही बसत नाही अशा शोभेच्या झाडाचं. आणि रोपाबरोबर एक कागद: सोसायटीच्या मागच्या नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करण्यास आमची हरकत नाही. एका हातात झाड, दुसऱ्या हातात नाल्याचा गळा. लोकांनी टाळ्या वाजवून दोन्ही घेतलं. मी दोन्ही परत केलं. पोरगा हसून म्हणाला, "आंटी, तुम्ही नेचरच्या अगेन्स्ट आहात का?" मी म्हटलं, "तुझे वडील कसे आहेत?" त्याला वाटलं, ओळख निघाली. म्हणाला, "एकदम मस्त. आशीर्वाद आहेत त्यांचे." असणारच. त्याच्या बापाचे आशीर्वाद मी फार जवळून पाहिलेत.

बदलापूर मागे टाकून चामटोलीच्या बाजूला निघालं की नदीकाठी आमचा पाडा होता. वर टेकाडावर गावठाण, खाली उताराला आमची वस्ती. खाली का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नदीच्या तोंडात घर बांधायची हौस आमच्या पणज्याला नव्हती, गावाने दाखवली ती जागा. धर्मांतर झालं तेव्हा आजोबांनी गावकीची सगळी कामं एका दिवसात टाकली. मेलेलं ढोर ओढायचं बंद, दवंडी बंद, निरोप पोचवायचे बंद. घरात पंचशील आलं, देव्हारा गेला. माझे बाबा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत फिटर होते. सकाळचा भोंगा ऐकू यायचा नाही इतक्या लांबून ते सायकलने जायचे, आणि परत आले की त्यांच्या सदऱ्याला सडक्या अंड्यांसारखा वास यायचा, जो आईने कितीही धुतला तरी गेला नाही. त्या कंपनीचं पाणी कुठे जातं हे बाबांना ठाऊक होतं, कारण तो व्हॉल्व्ह तेच फिरवत. म्हणजे माझे बाबा काही साधुसंत नव्हते. मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी नाय फिरवला तर दुसरा फिरवील, आणि तुझी फी तो भरणार नाय." एवढा सरळ जबाब मी पुढे एकाही मंत्र्याच्या तोंडून ऐकला नाही.

आमच्या घराच्याही खाली, अगदी शेवटचं खोपट सोनाआत्याचं. सोनाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा गेलेली, मूलबाळ नाही, दोन शेळ्या होत्या. ती रोज उल्हासनगरला कॅम्पात जायची, पँटींच्या कारखान्यात धागे कापायला. कापडाचा रंग लागून तिची बोटं कायमची निळी झालेली. भाकरी थापली तर भाकरीच्या कडेला निळसर बोट उमटायचं, आणि आई म्हणायची, "तुझी भाकरी म्हंजे सरकारी कागद, शिक्का मारूनच येते." आत्याची बोली आमचीच, पण मध्येमध्ये कॅम्प घुसलेला. "शेठ बोला, सोनाबाई तू मशीन हाय मशीन," असं ती अभिमानाने सांगायची. सणासुदीला सिंधी शेठाणीने दिलेली कोकी, म्हणजे कांद्याची जाड रोटी, नाहीतर डाळ-पकवान कागदात बांधून आणायची आणि सगळ्यात मोठा तुकडा मला द्यायची. पावसाळ्यात आई नदीची चिवणी मासळी कोकमात शिजवायची, शेवळं निघाली की सुकट घालून शेवळांची भाजी. आत्या ताट घेऊन आमच्या ओट्यावर यायची आणि जेवता जेवता कॅम्पातल्या गमती सांगायची. तिचं एकच स्वप्न होतं, दारात नळ. नदी दहा पावलांवर, पण प्यायचं पाणी गावठाणाच्या विहिरीवरून, चढ चढून, आणि तिथेही आधी त्यांच्या कळशा, मग आमच्या.

आता धोंड्याचं सांगते. वस्तीच्या खाली, नदीच्या काठात अर्धा रुतलेला काळा पाषाण होता, उभ्या माणसाहून उंच. त्याला पाणधोंडा म्हणत. दरवर्षी मोठा पूर ओसरला की धोंड्यावर काडीकचऱ्याची आणि गाळाची एक ओळ राहायची. ती वाळायच्या आत बाबा छिन्नी-हातोडी घेऊन खाली जायचे आणि त्या ओळीवर बोटभर लांबीची रेघ कोरायचे. त्यांच्या आधी आजोबा, त्यांच्या आधी त्यांचे वडील. धोंड्याची एक बाजू अशा रेघांनी भरलेली होती. काही रेघा माझ्या गुडघ्याला, काही छातीला, दोन तर इतक्या उंच की बाबांना टाचा उंचावून दाखवाव्या लागत. आणि सगळ्यांच्या मधून धोंडाभर गेलेली एक खोल खाच होती, तिला उठायची रेघ म्हणत. पाणी उठायच्या रेघेला लागलं की शेळ्या-गुरं सोडायची, पोरं उचलायची, गावठाणात चढायचं. तिथून पाणी आत्याच्या उंबऱ्याला यायला भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागायचा. त्यावर कुणी वाद घातला नाही, कारण त्या रेघेने कधी कुणाला फसवलं नव्हतं. आजोबांनी गावकीची सगळी कामं टाकली, पण हे एक टाकलं नाही. विहारातल्या तरुण पोरांना ते खटकायचं. त्यांनी बाबांना विचारलंही, की गावाची वर्दी द्यायचं सोडलं ना आपण, मग हे काय? बाबा म्हणाले, "पाणी आधी कोणाच्या दारात येतं? आपल्या. मग मी गावासाठी करतो का आपल्यासाठी?" पोरांचं समाधान झालं नाही.

माझंही झालं नव्हतं. मी तेव्हा अंबरनाथला अकरावीला होते, वर्गात माझं अक्षर सगळ्यात सुंदर, आणि मला माझ्या बापाची लाज वाटायची. पूर ओसरला की चिखलात गुडघे टेकून टक् टक् करत बसलेला माझा बाप आणि वर गावठाणातून बघत उभे असलेले लोक. मैत्रिणींपैकी कुणी चुकून इकडे आली तर मी तिला काय सांगू, की हे आमचं खानदानी काम आहे? सतरा वर्षांच्या मुलीइतकं तिरस्कारखोर जनावर नसतं. मी आज ज्यांना शिव्या घालते, त्यांच्यापेक्षा ती पोरगी काही कमी नव्हती.

एका वर्षी पूर गावठाणाच्या पहिल्या घराच्या पायरीला टेकून मागे फिरला. त्या घरच्या म्हातारीने दुसऱ्या दिवशी खाली येऊन धोंड्याला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या वर्षी कुणीतरी शेंदूर फासला. मग नारळ आला, मग शनिवारचं तेल आलं. माणूस एकदा मोजायचं सोडून हात जोडायला लागला की त्याला थांबवता येत नाही. बाबांनी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पण शेंदूर रेघांत भरायला लागला, तशी त्यांना दरवर्षी आधी खिळ्याने उठायची रेघ मोकळी करावी लागायची, आणि हे करताना वरून कुणी बघत नाही ना याची ते खात्री करायचे. त्यांच्याच बापजाद्यांनी कोरलेल्या धोंड्याजवळ चोरासारखं जायचं. आत्याला मात्र गंमत वाटायची. "बघ शाले, आपला धोंडा मोठा झाला," म्हणायची. "आता गावठाणवाले आपल्या वस्तीत येऊन पाया पडतात." तिलाही त्यात मान वाटत होता, आणि मी तिला दोष देत नाही. मान आमच्याकडे फार क्वचित यायचा.

अशात गोमाशेठ आला. परवाच्या युवानेत्याचा बाप तो हाच. आधी रेतीचा धंदा, मग जमिनीचा, मग देशसेवेचा. झेंडे त्याने तीन बदलले, पांढरी जीप तीच राहिली. त्या वर्षी दिल्लीची निवडणूक होती आणि नदीकाठची जमीन त्याने निम्म्या भावात उचलली होती. तिथे भराव टाकून प्लॉट पाडायचे होते. अडचण एकच होती. त्या जमिनीच्या ऐन मध्यावर पाणधोंडा उभा, अंगावर सगळ्या पुरांचा हिशेब घेऊन. प्लॉट बघायला येणारा माणूस धोंड्यासमोर उभा राहायचा, डोक्याच्या वरची रेघ बघायचा आणि जीपमध्ये बसून निघून जायचा. फोडावा तर गाव अंगावर येणार, कारण आता तो देव होता. दुसरा कुणी असता तर डोकं धरून बसला असता. गोमाशेठने धोंड्याला मंदिर बांधायचं जाहीर केलं.

तो बाबांकडे स्वतः आला. ओट्यावर बसला, आईने दिलेला चहा प्यायला, हे विशेष, कारण त्याच्या बापाने आमच्याकडे पाणी प्यायलं नसतं. म्हणाला, "देव चिखलात उभा आहे, बरं दिसतं का? वर रस्त्याला चांगला चौथरा बांधतो. संगमरवर लावतो. तुमच्या वस्तीचा पण मान राहील, पहिली आरती तुमची."

बाबा म्हणाले, "आमच्यात आरती नसते."

"बरं, मग पहिला नारळ."

"शेठ, तो देव नाय. ते माप आहे. माप उचलून वर ठेवलंत तर पाणी खाली राहणार नाय."

गोमाशेठ हसला. त्याला राग आला की तो हसायचा. "तुम्ही लोक देव मानत नाही ते ठीक आहे. पण दुसऱ्यांच्या श्रद्धेला माप म्हणायचं, हे बरोबर नाही. बाहेर बोलू नका असं. निवडणुकीचे दिवस आहेत, पोरांची डोकी गरम असतात." मग जाता जाता त्याने खाली आत्याच्या खोपटाकडे बघून, नळाची लाइन इथवर आणता येईल असं सहज म्हटलं. वस्तीची हरकत नाही असा एक कागद मिळाला की झालं. बाबा उठून सायकल पुसायला लागले. त्यांचं बोलणं संपल्याची ती खूण होती.

कागद मी लिहिला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे सरळ लिहिते. गोमाशेठचा माणूस दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर आला. म्हणाला, "शाळेत तुझं अक्षर पहिलं आलं होतं ना? शेठनी मुद्दाम तुझंच नाव सांगितलं." आत्या रजेवर होती, शेजारी शेळीला पाला घालत बसलेली. मी ओट्यावर पालथी पडून लिहिलं: आम्ही खाली सह्या करणार नदीकाठच्या वस्तीतील रहिवासी असे लिहून देतो की, सदर पाषाण योग्य व उंच जागी हलविण्यास आमची कोणतीही हरकत नाही. 'योग्य व उंच' हे शब्द माझे. त्या माणसाने फक्त 'हलविण्यास' म्हटलं होतं. आत्याने अंगठा उठवला. शाई लावायचीही गरज नव्हती इतका तो निळा होता, तरी लावली. मग तिने वस्तीतल्या आणखी चार बायकांना बोलावून आणलं, नळाचं सांगून. सगळ्यात खाली मी 'लिहिणार' असं लिहून झोकदार सही केली. आयुष्यातली पहिली सही. मला एक शाईचं पेन मिळालं, सोनेरी टोपणाचं. बाबांनी नंतर विचारलं, "कागद लिहिला कोणी?" मी म्हटलं, शेठच्या माणसाने. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जेवायला बसले.

धोंडा हलवायला खाणीतली क्रेन आली, बरोबर ढोलताशे. त्याच्या पोटात साखळदंड घातले तेव्हा गावठाणातल्या बायका रडल्या, भक्तीने. निघाला तेव्हा खाली एक खड्डा राहिला, त्यात लगेच पाणी भरलं. वर रस्त्यालगत चौथऱ्यावर धोंडा उभा राहिला, पहिल्या जागेहून दीड पुरुष उंच, डोक्यावर छत, पायाशी गोमाशेठच्या नावाची संगमरवरी पाटी. आमच्या घरातून दिसावा म्हणून तोंड वस्तीकडे केलं होतं, एवढी माणुसकी. दिल्लीत बसणारा एक मोठा माणूस उद्घाटनाला आला. त्याने देशाचा गौरव, संस्कृतीचं रक्षण आणि निसर्गपूजेची आपली थोर परंपरा यावर भाषण केलं, आणि तो बोलत असतानाच मागे डंपर नदीत भराव ओतत होते. मोठ्या माणसाचा आवाज बुडू नये म्हणून पोलिसाने जाऊन डंपरवाल्यांना दहा मिनिटं थांबवलं. भाषण संपलं तसे ते पुन्हा सुरू झाले. मीही भाषण केलं, पाठ केलेलं. बाबा त्या दिवशी कामावर गेले होते, सुट्टी असूनही.

हल्ली सगळे मला विचारतात, तुम्ही जुनं माणूस, पाऊस खरंच बदललाय का हो? टीव्हीवर तर रोज कुणी ना कुणी नाकाने कांदे सोलत बसलेला असतो. एक म्हणतो आभाळ फाटायचं प्रमाण वाढलं, दुसरा म्हणतो हे सगळं परदेशी कारस्थान. जगभरचे पुढारी विमानं उडवत एका गावी जमतात, विमानं कमी उडवावीत असं ठरवतात आणि विमानाने घरी जातात. मला काय विचारता? वाढला असेल पाऊस. मला तर वाढलेलाच वाटतो, आणि मधले कोरडे दिवसही वाढलेले वाटतात. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? तीन पिढ्यांचं मोजमाप एका दगडावर होतं, कुठल्याही शास्त्रज्ञाने हात जोडून उतरवून घ्यावं असं, आणि त्यावर आम्ही शेंदूर फासून त्याला वर नेऊन ठेवलं. आता बसा भांडत.

दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी आलं. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता, गाड्या बंद, आत्या घरीच. बाबा आदल्या दिवशीच्या पाळीला गेलेले कंपनीत अडकले होते. सकाळी चुलीवर चहा होता. आई दारात उभी राहून नदीचा आवाज ऐकत होती. आवाज जड झाला होता. ती म्हणाली, "शालू, जरा बघून ये गं." काय बघायचं हे सांगावं लागत नसे. आमच्याकडे बघून ये म्हणजे धोंडा बघून ये. मी अंगणाच्या कडेला गेले, डोक्यावर गोणपाट घेऊन, आणि वर बघितलं. वर. लहानपणापासून खाली बघायची सवय असलेली मी, मान वर करून चौथऱ्याकडे बघितलं, आणि तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. धोंडा स्वच्छ धुतलेला, केशरी, गळ्यातली झेंडूची माळ तशीच. उठायच्या रेघेपासून पाणी कितीतरी खाली. मी परत येऊन म्हटलं, "कोरडा आहे."

तो हलवलाय हे मला माहीत नव्हतं असं नाही. 'योग्य व उंच' मीच लिहिलं होतं. आईलाही माहीत होतं, आत्यालाही. पण आमच्या पायाखालची जमीन त्या दगडाच्या भरवशावर इतकी वर्षं उभी होती, की तो कोरडा म्हणजे आपण कोरडे, याच्या पुढे विचार जातच नव्हता. आई तरी चुळबुळत होती. म्हणाली, "कोरडा असला तरी चला आपण. मला बरं नाय वाटत." तिने गोधड्या बांधल्या आणि खाली हाक मारली, "वन्सं, वर या." आत्या शेळ्यांच्या दावणीशी होती. ती हसून म्हणाली, "शाली बघून आली ना? कोरडा हाय ना? मग कशाला धावतेस? एवढा मानाचा धोंडा झाला, खोटा बोलंल काय? हिला पाला घालते नि येते."

आम्ही दोघी निम्मा चढ चढलो असू. पाणी नदीकडून आलंच नाही. वस्तीमागून येऊन नदीला मिळणाऱ्या ओढ्याचं तोंड भरावाने बंद झालं होतं, ते पाणी मागे तुंबून वस्तीच्या पाठीमागून एकदम सुटलं. भात शिजायला लागतो तेवढा वेळ, तोही मिळाला नाही. मी वळून बघितलं तेव्हा आमच्या ओट्यावर पाणी होतं, आणि आत्याच्या खोपटाचं नुसतं छप्पर, आणि मग छप्परही तिरपं होऊन निघालं. आई ओरडत होती, वन्सं, वन्सं. थोड्या वेळाने खाली पाण्यातून काहीतरी धडपडत काठाला लागलं. दोन्ही शेळ्या होत्या. गळ्यात दावं नव्हतं. शेळ्या सोडायच्या, पोरं उचलायची, वर चढायचं. आत्याने पहिलं काम केलं होतं.

ती दोन दिवसांनी हेंद्रेपाड्याच्या बाजूला सापडली. बाबांनी बोटांवरून ओळखली.

पुढचं सगळं तुम्ही दर पावसाळ्यात बघता. दिल्लीचा मोठा माणूस वरून हेलिकॉप्टरने फिरून गेला. बिस्किटांचे पुडे आले, पुड्यांवर गोमाशेठचा फोटो. तो होडीत उभा राहून म्हणाला, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, शंभर वर्षांत असा पूर झाला नाही. बाबा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "झालाय. दोनदा झालाय. आता माझ्या घरात पाणी खिडकीला लागलं, माझ्या बापाच्या वेळी आढ्याला लागलं होतं. धोंड्यावर रेघा आहेत. तेव्हा माणूस मेला नव्हता." साहेबलोक पंचनाम्याला आले तेव्हा बाबा त्यांना चौथऱ्यावर घेऊन गेले, रेघा दाखवायला. धोंड्यावर दोन वर्षांचा शेंदूर बोटभर जाड बसलेला. बाबांनी खिशातून खिळा काढला, तसा गावठाणातल्या चार जणांनी त्यांचा हात धरला. "देवाला हात लावायचा नाही." साहेबाने घड्याळ बघितलं आणि लिहिलं, अशा कोणत्याही खुणा आढळून आल्या नाहीत. आणि धोंड्याचं नाव तर त्या पुरापासून फारच झालं. सगळं बुडालं, पण पाणी देवाच्या पायाला शिवलं नाही, असं जागृत देवस्थान. आज तिथे शनिवारी रांग लागते, पार्किंग आहे, आणि आजूबाजूच्या इमारतींच्या जाहिरातीत देवस्थानापासून दोन मिनिटांवर असं लिहितात. मी आज तिथे जाऊन नखाने शेंदूर खरवडला तर संध्याकाळपर्यंत मोर्चा निघेल.

पंचनाम्यानंतर आठवड्याने बाबांना चावडीवर बोलावणं आलं. तक्रार करतोस ना, मग फाइल बघ, असं काहीतरी. ते एकटेच गेले. परत आले तेव्हा आईने विचारलं, काय म्हणाले? "काय नाय," ते म्हणाले, "वस्तीची हरकत नव्हती म्हणतात." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. हातपाय धुतले, शेळ्यांना पाला घातला. त्या वर्षीची रेघ त्यांनी कुठेच कोरली नाही, त्यानंतरच्याही नाही. मला पुढे शिकवलं, नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी स्टेशनपर्यंत सोडायला आले, माझ्या लग्नात रडले. आत्याचा विषय निघाला की उठून सायकल पुसायचे. मी मनाशी धरून चालले, की त्यांना माहीत नाही.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांची लोखंडी पेटी मी उघडली, तर तळाशी छिन्नी होती, कागदात गुंडाळलेली. कागद उलगडला. चावडीतून मागून आणलेली नक्कल नव्हती ती. मूळ कागद होता. त्यांनी तो कसा मिळवला, कोणाच्या हातापाया पडून, का सरळ उचलून, मला ठाऊक नाही. पाच अंगठे, त्यातला पहिला आत्याचा. खाली माझी झोकदार सही. तो कागद त्या फाइलीत राहिला असता तर कधी ना कधी कुणीतरी माझं नाव वाचलं असतं, म्हणून त्यांनी तो तिथे राहू दिला नाही. आणि घरी आणून तीस वर्षं एक शब्द बोलले नाहीत. कागद पिवळा पडलाय, छिन्नीचा गंज त्याला लागलाय. अक्षर मात्र अजून सुरेख दिसतं. प्रत्येक ओळ सरळ, वळण एकसारखं. मी पहिलीत होते तेव्हा कामावरून आल्यावर त्या वासाच्या सदऱ्यानिशी बाबा माझ्या मागे बसायचे आणि पाटीवर माझा हात धरून ते वळण गिरवून घ्यायचे.